पाण्यावरची छोटी जहाजे (भाग ६) : मोटारीची बैठक

मागच्या भागात पंख्याच्या शाफ्टची पितळी नळी बोटीच्या बुडात पक्की झाली. आता पाळी मोटारीची. हौशी मंडळी नेमकी इथेच घाई करतात. बॅटरी चार्ज झालेली असते आणि पंखा कधी फिरतो असे झालेले असते. पुढे बोट घरघरू लागली, बॅटरी लवकर उतरली, कपलिंग तुटले की बोल मोटारीला लागतो. बहुतेकदा चूक माउंटची असते.

मोटारीचा दांडा आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत ठेवणे हे माउंटचे खरे काम. शाफ्ट बुडातून तिरका उतरतो, तेव्हा मोटारही तितक्याच कलाने बसली पाहिजे. बाजारात मिळणारा काटकोनी अँगल सपाट तळावर तसाच आवळला तर हा कल साधत नाही. त्याखाली तिरका तासलेला मरीन प्लायचा ठोकळा लागतोच.

‘युनिव्हर्सल जॉइंट आहे, तो सांभाळून घेईल,’ ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिने अनेक चांगल्या बोटी बिघडवल्या आहेत. एकेरी जॉइंट थोडा कोन चालवून घेतो, पण दोन्ही दांड्यांच्या रेषा जॉइंटच्या मध्यावर मिळत असतील तरच. एक रेषा वर आणि दुसरी खाली असेल तर दुहेरी जॉइंट हवा. शिवाय कोनात फिरणारा एकेरी जॉइंट शाफ्टला एकसारखा वेग देत नाही. प्रत्येक फेऱ्यात वेग दोनदा वाढतो, दोनदा घटतो. मोटार मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर हे हिसके सेकंदाला ३३३ च्या घरात जातात. मोटारीच्या बुशांची आणि शाफ्टच्या बेअरिंगची झीज होते ती यानेच.

यावर जुन्या कारागिरांची युक्ती अगदी सोपी आहे. ५४० आकाराची मोटार घेऊ. मॉडेल बोटींत ती सर्रास दिसते. तिचा दांडा ३.१७ मिमी, बोटीचा शाफ्ट बहुधा ४ मिमी. टर्नरकडून पितळेच्या तुकड्याला एका बाजूने ३.२ आणि दुसऱ्या बाजूने ४ मिमीचे भोक लेथवर पाडून घ्यायचे. हा ताठ तुकडा कपलिंगच्या जागी घातला की मोटार आणि शाफ्ट मिळून एकच सरळ सळई होते. माउंट मोटारीला आधीच आवळून ठेवायचा आणि ठोकळ्याखाली इपॉक्सी भरायचे. शाफ्ट बोटांनी फिरवून पाहावा. कुठेही न अडखळता फिरला की हात काढून घ्यावा. इपॉक्सी रात्रभर वाळू द्यावे; पाच मिनिटांचे वापरू नये, मोटार तापली की ते लवकर मऊ पडते. दुसऱ्या दिवशी पितळी तुकडा काढून खरे कपलिंग बसवायचे.

चिकटवण्यापूर्वी बुडाची आतली बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करणे आवश्यक आहे. एबीएस प्लास्टिकच्या बोटीत तर विशेष, कारण गुळगुळीत एबीएसवर इपॉक्सी नीट धरत नाही. ठोकळा कायमचा चिकटवायचा, माउंट मात्र त्यावर स्क्रूने बसवायचा. मोटार कधी ना कधी बाहेर काढावी लागणारच.

आता एक बारीक पण महाग पडणारी गोष्ट. ५४० च्या तोंडावर २५ मिमी अंतरावर एम३ ची दोन भोके असतात. माउंटचा पत्रा ३ मिमीचा असेल तर ६ मिमीचा स्क्रू पुरे. हाताशी आहे म्हणून १२ मिमीचा घातला तर त्याचे टोक आतल्या वाइंडिंगला लागते आणि नवी कोरी मोटार पहिल्याच दिवशी जळते.

आउटरनर जातीच्या ब्रशलेस मोटारीचे गणित वेगळे. तिचे बाहेरचे कवच फिरते, म्हणून ती फक्त स्थिर बाजूने धरायची आणि कवचाभोवती सगळीकडून जागा मोकळी सोडायची. जवळून गेलेली एखादी वायरसुद्धा कवचाला घासून सोलली जाते.

सगळे जुळले की नाही हे अँमीटर सांगतो. कपलिंग सोडून नुसती मोटार फिरवा, आकडा लिहून ठेवा. मग शाफ्ट जोडून क्षणभर फिरवा. नळीतल्या ग्रीसमुळे करंट थोडा वाढेलच, पण दुप्पट झाला तर स्क्रू सैल करून, माउंटखाली पातळ पत्र्याच्या चकत्या सरकवून पुन्हा मोजावे.

पुढच्या भागात सुकाणू आणि त्याचा सर्व्हो.