दोन डोसांमधले वीस दिवस

परळच्या टाटा रुग्णालयातल्या डे-केअरमध्ये सकाळपासून नावं पुकारली जात आहेत. अकोला, सिंधुदुर्ग, पार बिहार-बंगालपासून माणसं आली आहेत. प्रत्येकीच्या मांडीवर फाईल आहे. वहिनीचं नाव येतं आणि आम्ही आत जातो. आज तिची पहिली केमो.

गाठ उजव्या स्तनात आहे. आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया, असं ठरलंय. सिस्टर डाव्या हाताची शीर शोधतात. "उजव्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टासुद्धा नको. उद्या ऑपरेशन झाल्यावर तर कुणी पट्टा बांधायला आलं की तुम्हीच अडवायचं." काखेतल्या गाठी काढल्या की तो हात सुजू शकतो, म्हणून ही काळजी. वहिनी उजव्या हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे देते.

मळमळीचं औषध आधी जातं. मग लाल भडक सिरिंज येते. कागदावर तिचं नाव डॉक्सोरुबिसिन, पण इथे सगळ्या जणी 'लाल औषध'च म्हणतात. सिस्टर ते अगदी हळूहळू सोडतात, मध्येच थांबतात, दट्ट्या किंचित मागे ओढतात. नळीत रक्त दिसतं, म्हणजे सुई शिरेतच आहे. "चुरचुरलं, आग झाली तर लगेच सांगा. सोसत बसू नका." हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं. वहिनीला आयुष्यभर सोसायची सवय, म्हणून मी तिच्या हातावरची नजर हलवत नाही.

"आज-उद्या लघवी लाल होईल, तो औषधाचा रंग आहे. पाणी भरपूर प्या," सिस्टर सांगतात आणि पुढच्या खुर्चीकडे वळतात.

शेजारच्या खुर्चीत जळगावकडच्या एक मावशी आहेत. डोक्याला सुती रुमाल, मांडीवर शंभर पानी वही. "ताई, केस दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात. आधीच बारीक करून घ्या, जिवाला कमी लागतं," त्या वहिनीला म्हणतात. "तोंड आलं तर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या चुळा भरा. ब्रश मऊ घ्या. आणि कुणी काढा आणून दिला तर डॉक्टरांना विचारल्याबिगर घोटभरही घेऊ नका."

वहिनी जेवणाचं विचारते. ताजं, गरम, घरचं, असं उत्तर येतं. मुगाचं वरण, मऊ भात, पूर्ण उकडलेलं अंडं. उसाचा रस आणि बाहेरची चटणी सध्या बंद.

मग त्या वही उघडून आमच्याकडे सरकवतात. रोजची तारीख, वजन, ताप, जुलाब की बद्धकोष्ठता, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारली आहे: 'दहावा दिवस. रात्री ११. ताप १०१. रिक्षा.' "घरचे म्हणत होते, क्रोसिन घे, सकाळी बघू. मी हटून बसले. दवाखान्यात पोचल्या पोचल्या रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी पार खाली. लगेच सलाईनमधून अँटिबायोटिक लावलं."

सलाईन बदलायला आलेल्या सिस्टर हे ऐकून थांबतात. "मावशींनी बरोबर केलं. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा ताप आला तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. गोळी घेऊन ताप उतरवला तर दुखणं झाकलं जातं."

समोरच्या रांगेत एक मुलगा आईचा रेल्वे सवलतीचा फॉर्म चाळतोय. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसालाही सवलत मिळते. खर्चाचं कसं करायचं हे विचारायला समाजसेवा विभागात जा, महात्मा फुले योजनेचंही तिथेच विचारा, असं तो आपणहून मला सांगतो.

दुपार उलटते. शेवटची बाटली संपते. सिस्टर सुई काढून कापूस दाबून धरतात आणि एकवीस दिवसांनंतरची तारीख लिहून देतात. इथला एक दिवस डॉक्टर आणि सिस्टर सांभाळतात, मधले वीस दिवस घराला सांभाळायचे आहेत.

म्हणून ज्या घरात केमो सुरू आहे, त्या घराला कळकळीचं सांगणं आहे. आजच थर्मामीटर आणा. रात्री फोन उचलला जाईल असा रुग्णालयाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि पारा १००.४ वर गेला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.