मुरलीकांत पेटकर: मुष्टियुद्ध ते जलतरण

पिंपरी-चिंचवडमधील थेरगावचे रहिवासी मुरलीकांत राजाराम पेटकर यांचे नाव २०१८ मधील पद्मश्रीमुळे आणि २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘चंदू चॅम्पियन’ या हिंदी चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. मात्र त्यांच्याविषयी जे लिहिले गेले त्याचा भर बहुधा युद्धातील जखमांवर आणि त्यांच्या जिद्दीवर राहिला. ते कोणते खेळ खेळले, कोणत्या नियमांखाली खेळले आणि त्या कामगिरीचे क्रीडाक्षेत्रातील मोल काय, हे प्रश्न बाजूलाच पडले. पॅरालिंपिक स्पर्धेत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत ही उणीव भरून निघणे अगत्याचे आहे.

पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर परिसरात झाला. लहानपणी कुस्तीची ओढ असलेला हा मुलगा पुढे भारतीय सैन्यात दाखल झाला आणि लष्कराच्या यंत्रसामग्रीची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या ‘ईएमई’ या दलात ‘क्राफ्ट्समन’ म्हणून काम करू लागला. त्याची खेळाडू म्हणून खरी जडणघडण सैन्यातच झाली, आणि तीही मुष्टियुद्धात. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गोळ्या लागून मणक्याला इजा झाली, पायांतील बळ गेले आणि मुष्टियुद्धाची कारकीर्द तिथेच संपली. तरीही खांदे, दंड आणि श्वास यांची त्या खेळाने केलेली मशागत वाया गेली नसावी, असे त्यांची पुढील वाटचाल पाहता म्हणावेसे वाटते.

ही वाटचाल ज्या स्पर्धांमधून झाली त्यांचे मूळ रुग्णालयात आहे. मणक्याच्या दुखापतीने अधू झालेल्या सैनिकांसाठी लुडविग गुटमान या डॉक्टरांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात स्पर्धा सुरू केल्या आणि त्यांतूनच १९६० मध्ये रोम येथे पहिली पॅरालिंपिक भरली. भारताने १९६८ च्या तेल अवीव येथील स्पर्धेत प्रथमच संघ पाठवला आणि त्या संघातून पेटकर टेबल टेनिस खेळले. पहिली फेरी पार करण्यापलीकडे त्यांना तिथे जाता आले नाही. पण हाताशी असलेल्या प्रत्येक खेळाची परीक्षा घेऊन पाहण्याची त्यांची वृत्ती त्या वेळीच दिसून आली. परदेशी स्पर्धांना जाण्याचा खर्च उचलण्याच्या कामी माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचे साहाय्य झाले, याची नोंद आवर्जून केली पाहिजे.

१९७२ ची पॅरालिंपिक पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे, म्युनिक ऑलिंपिकच्या काही दिवस आधी, ऑगस्ट महिन्यात झाली. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणाच्या तिसऱ्या वर्गात पेटकर यांनी ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. वर्ग म्हणजे मणक्याची इजा किती उंचीवर आहे आणि त्यामुळे कोणते स्नायू निकामी झाले आहेत, यावरून केलेली खेळाडूंची विभागणी होय. पायांचा उपयोग नसलेल्या जलतरणपटूला पाणी केवळ हातांनी मागे रेटावे लागते, शिवाय हलू न शकणारे पाय खाली ओढले जाऊन पाण्याचा अवरोध वाढवतात. अशा स्थितीत सेकंदाला सुमारे १.३४ मीटर वेगाने सबंध अंतर कापणे म्हणजे काय, याची कल्पना नियमित पोहणाऱ्या कोणालाही येईल. पुढे वर्गीकरणाची ही वैद्यकीय पद्धत मागे पडली आणि पाण्यातील प्रत्यक्ष हालचालींवर आधारलेले वर्ग आले, त्यामुळे त्या वेळेची आजच्या विक्रमांशी थेट तुलना करणे योग्य ठरत नाही.

त्याच स्पर्धेत त्यांनी भालाफेक, ‘प्रिसिजन’ भालाफेक आणि ‘स्लॅलम’ या आणखी तीन प्रकारांत अंतिम फेरी गाठली, ही बाब सुवर्णपदकाच्या झळाळीत सहसा दिसत नाही. भालाफेक सर्वांच्या परिचयाची आहे. ‘प्रिसिजन’ भालाफेकीत अंतराऐवजी नेमाला महत्त्व असून जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत भाला कुठे पडतो यावर गुण मिळतात. तर ‘स्लॅलम’ ही चाकाच्या खुर्चीवरून अडथळे पार करण्याची, घड्याळाशी बांधलेली शर्यत असते. वेग, ताकद, नेम आणि खुर्चीवरील ताबा अशा निरनिराळ्या कसोट्यांवर एकाच स्पर्धेत उतरलेला हा खेळाडू खऱ्या अर्थाने अष्टपैलू होता.

हायडेलबर्गमध्ये भारताला मिळालेले ते एकमेव पदक होते, आणि पॅरालिंपिकमधील पुढच्या भारतीय सुवर्णपदकासाठी २००४ मध्ये अथेन्स येथे देवेंद्र झाझडिया यांच्या भालाफेकीपर्यंत वाट पाहावी लागली. या दीर्घ काळात पेटकर यांची उपजीविका खेळावर नव्हे, तर पुण्याच्या टेल्को कारखान्यातील, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समधील, नोकरीवर चालली. वाहन उद्योगाच्या आधारावर वाढलेल्या या पट्ट्यात जागतिक विक्रमवीर एक कामगार म्हणून वावरत होता आणि सरकारदरबारी त्याची दखल नव्हती. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला.

अखेर जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, २०२४ साठीचा जीवनगौरव अर्जुन पुरस्कार त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते देण्यात आला. त्याच यादीत सांगली जिल्ह्यातीलच करगणीचे सचिन खिलारी होते, ज्यांनी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीचे रौप्यपदक मिळवले होते. पदक आणि पुरस्कार यांत खिलारी यांना काही महिन्यांचे अंतर पडले, तर पेटकर यांना बावन्न वर्षांचे.