मृदू बहुवारिक पृष्ठभागावरील द्रवबिंदू : यंगच्या समीकरणातील दुर्लक्षित घटक

प्रस्तावना

घन पृष्ठभागावर ठेवलेल्या थेंबाच्या स्पर्शकोनाचा पृष्ठताणांशी असलेला संबंध थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये स्पष्ट केला. पाठ्यपुस्तकांत हे समीकरण मांडताना घन, द्रव व वायू एकत्र येतात त्या संपर्करेषेवरील बलांच्या केवळ क्षितिजसमांतर घटकांचा समतोल विचारात घेतला जातो. परंतु द्रवाच्या पृष्ठताणाचा लंब घटकही तेथे पृष्ठभागास वर ओढत असतो. या घटकाचे कार्य समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लंब घटकाचे परिमाण

द्रवाच्या पृष्ठताणास घनपदार्थाच्या यंग गुणांकाने भागले असता लांबीचे परिमाण असलेली राशी मिळते. पृष्ठभाग साधारणतः किती उचलला जाईल, याचा अंदाज तिच्यावरून येतो. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ०.०७२ न्यूटन प्रति मीटर असतो. काचेचा गुणांक ७० गिगापास्कल धरल्यास ही लांबी सुमारे १ पिकोमीटर, म्हणजे अणूच्या व्यासाहूनही कितीतरी कमी येते. २ मेगापास्कल गुणांकाच्या सिलिकोन रबरासाठी ती ३६ नॅनोमीटर, तर ३ किलोपास्कल गुणांकाच्या मऊ सिलिकोन जेलसाठी २४ मायक्रोमीटर होते. काचेच्या बाबतीत क्षम्य असलेले दुर्लक्ष जेलच्या बाबतीत क्षम्य राहत नाही.

पृष्ठभागाचे विरूपण

मृदू बहुवारिकावर थेंबाच्या कडेने शेतातील वरंब्यासारखा सूक्ष्म उंचवटा तयार होतो. थेंबातील अतिरिक्त दाबामुळे त्याखालचा भाग किंचित खचतो. २०११ मध्ये जेरिसन व सहकाऱ्यांनी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने सिलिकोन थरावरील हे विरूपण मोजले. २०१३ मध्ये स्टाइल व सहकाऱ्यांना असे आढळले की, या उंचवट्याच्या टोकाचा आकार थेंबाच्या त्रिज्येवर किंवा थराच्या जाडीवर अवलंबून नसतो. टोकापाशी स्थितिस्थापक बलापेक्षा पृष्ठताण प्रभावी ठरतो आणि पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या थेंबाप्रमाणे तेथे तिन्ही पृष्ठताणांचा समतोल साधला जातो. थेंबाची त्रिज्या उपरोक्त लांबीपेक्षा बरीच मोठी असेल, तर दृश्य स्पर्शकोन यंगच्या समीकरणानुसारच राहतो. त्रिज्या त्या लांबीच्या जवळपास आली की तो बदलू लागतो.

थेंबाच्या गतीवरील परिणाम

थेंब पसरताना हा उंचवटाही त्याच्या कडेबरोबर सरकतो. बहुवारिक श्यान-स्थितिस्थापक असल्याने त्यात ऊर्जेचा ऱ्हास होतो. कारे, गॅस्टेल व शानाहान यांनी १९९६ मध्ये दाखविल्याप्रमाणे, अशा पृष्ठभागावर थेंबाचा वेग द्रवाच्या श्यानतेऐवजी घनपदार्थातील या ऱ्हासाने ठरू शकतो. तसेच जाडी बदलत जाणाऱ्या जेलच्या थरावर लहान थेंब पातळ, म्हणून अधिक ताठ भासणाऱ्या, भागाकडून जाड व मृदू भागाकडे आपोआप सरकतात, असे २०१३ मध्ये प्रयोगाने दिसून आले.

निष्कर्ष

स्पर्शकोनावरून पृष्ठऊर्जा काढण्याचा प्रयोग अनेक प्रयोगशाळांत केला जातो. नमुना जेलसारखा मृदू असल्यास थेंबाची त्रिज्या वरील लांबीच्या तुलनेत पुरेशी मोठी आहे का, आणि मंद गतीने सरकणारी कड खरोखर स्थिरावली आहे का, हे आधी तपासणे आवश्यक ठरते. अन्यथा समीकरण अचूक सोडवूनही उत्तर चुकीचे येईल. यंगचे समीकरण शिकविताना लंब घटकाचाही उल्लेख केल्यास त्याची मर्यादा विद्यार्थ्यांच्या प्रारंभीच लक्षात येईल.