ओट्याची फरशी आणि कारागिराची छाती

घराचा ओटा बसतो त्या दिवशी अंगणभर पांढरा धुरळा उडतो. हा धुरळा साधा नव्हे. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनखालोखाल आढळणारे मूलद्रव्य सिलिकॉन; ऑक्सिजनशी जोडले गेले की त्याची सिलिका होते. वाळू ती हीच, आणि ती हाताळल्याने काही बिघडत नाही. परंतु तिची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तेथे वण पडतात, फुफ्फुस कडक होते. या विकारास सिलिकोसिस म्हणतात. धाप लागेपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे उलटलेली असतात, आणि मग गेलेले फुफ्फुस कोणत्याही औषधाने परत येत नाही. क्षयाचा धोका वाढतो तो वेगळाच.

आपल्याकडील काळ्या दगडात मोकळी सिलिका थोडी. ग्रॅनाइटमध्ये मात्र साधारण ३० टक्के. कारागीर तोंडाला रुमाल बांधतो खरा, पण ही धूळ रुमालाला दाद देत नाही. पाण्याची सोय असलेले कटरच वापरावे. साध्या कटरवर तांब्याने पाणी ओतणे मात्र नको, विजेचा धक्का बसेल! खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना आपला धंदा आधी सांगावा; एक्स-रे पाहताना त्यांना तो ठाऊक हवा.