छातीतलं इम्प्लांट बदलायचंय? नवा साइज जुन्या आकड्यावरून ठरत नाही

पुणे : छातीत इम्प्लांट म्हणजे सिनेमातल्या बायकांचं काम, असा गावाकडे समज आहे. पण कॅन्सरमध्ये स्तन काढावा लागला म्हणून बसवून घेतलेल्या बायका आहेत, दोन बाजूंत जन्मापासून मोठा फरक होता म्हणून घेतलेल्या आहेत, आणि हौसेने घेतलेल्याही आहेत. पहिल्या निदान घरात तरी बोलतात, बाकीच्या कुणालाच सांगत नाहीत. त्यामुळे काही वर्षांनी एक बाजू कडक झाली, खाली सरकली, की विचारायचं कुणाला हेच कळत नाही. मग मोबाइलवर जाहिरात बघून थेट पुण्याची गाडी धरली जाते.

पहिली गोष्ट, इम्प्लांट जन्मभराचं नसतं. जगात पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं. आज साठ वर्षांनंतरही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०२१ पासून इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावलाय, की ही वस्तू आयुष्यभर टिकेल असं धरू नका. कुणाचं वीस वर्षं चालतं, कुणाचं पाच वर्षांत काढावं लागतं. या दुसऱ्या ऑपरेशनला डॉक्टर रिव्हिजन म्हणतात.

आता साइजचं. इम्प्लांटचं माप सीसीमध्ये असतं. दोनशे, तीनशे, चारशे सीसी, असं. पेशंट जाते आणि म्हणते, "आधी ३०० होतं, आता ३५० टाका." इथेच घोटाळा होतो. एक लिटर दूध परातीत ओतलं तर पसरतं, तांब्यात ओतलं तर उंच उभं राहतं. दूध तेवढंच. इम्प्लांटचंही तसंच. त्याला रुंदी असते, पुढे किती येतं ती उंची असते. रुंद छातीच्या बाईला ३०० सीसी दिसतसुद्धा नाही, आणि अरुंद छातीच्या बाईला तेच डोळ्यात भरतं. म्हणून मैत्रिणीचा आकडा आपल्याला चालत नाही. कपाचा हिशोबही सीसीशी जुळत नाही. "एक कप वाढवून देतो" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून जरा लांबच राहावं.

कासार बांगडी भरताना आधी हात दाबून बघतो. बाई कितीही म्हणाली सव्वादोन, तरी हात बसेल तीच बांगडी तो काढतो. चांगला प्लास्टिक सर्जनही तसंच करतो. टेप आणि मापकाने स्तनाची रुंदी घेतो, कातडी चिमटीत धरून तिची जाडी बघतो, बोंडापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर मोजतो. वरच्या भागात चिमटीत दोन सेंटिमीटरसुद्धा येत नसेल तर इम्प्लांट स्नायूच्या खाली ठेवण्याकडे कल असतो, नाहीतर कडा दिसतात. इम्प्लांट स्तनाच्या मूळ रुंदीपेक्षा रुंद घेतलं, तर ते काखेकडे नाहीतर मधोमध घुसतं.

हे झालं पहिल्या ऑपरेशनचं. दुसऱ्यात एक गोष्ट वाढते. जुन्या इम्प्लांटने आत जागा करून ठेवलेली असते, कातडी ताणलेली असते, आणि स्वतःची चरबी व दुधाच्या गाठी दाबून पातळ झालेल्या असतात. म्हणून आधी विचारायचं ते, पुन्हा ऑपरेशन कशासाठी? कारण बदललं की साइज बदलतो.

कडकपणाचं घ्या. शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती पापुद्रा तयार करतं. काही बायकांत तो आवळत जातो, स्तन वर ओढला जातो, घट्ट होतो, दुखतो. दिसायला तो लहान दिसतो, म्हणून बाईला वाटतं मोठं टाकलं की भागेल. पण पापुद्रा सोडवला किंवा काढला की आतली जागा मोकळी होते आणि तेवढंच इम्प्लांट वेगळं दिसायला लागतं. शिवाय पापुद्रा काढताना वरचं आवरण आणखी पातळ होतं. त्यावर मोठं टाकलं तर कातडीवर लाटा उमटतात, कडा बोटाला लागतात.

इम्प्लांट खाली घसरलं असेल तर मोठं टाकणं म्हणजे फुटलेल्या बांधावर पाणी सोडणं. तिथे आतली जागा टाक्यांनी आवळून घ्यावी लागते आणि बहुतेक वेळा साइज तेवढाच किंवा कमी ठेवणं शहाणपणाचं. वजन विसरू नका. सिलिकॉनचं चारशे सीसीचं इम्प्लांट साधारण चारशे ग्रॅमचं असतं. दोन्ही मिळून पाऊण किलोच्या वर. ते कातडीने चोवीस तास धरून ठेवायचंय, आणि त्याच बाईला वाकून खुरपायचंय, डोक्यावर भारा न्यायचाय.

स्नायूखालच्या इम्प्लांटचं आणखी एक आहे. हाताला जोर लावला की छातीचा स्नायू आवळतो आणि इम्प्लांट वर-बाजूला सरकताना दिसतं. ऑफिसात बसणारीला हे वर्षात दोनदा जाणवेल, पाण्याचे हंडे उचलणारीला रोज. म्हणून डॉक्टरला आपलं काम काय आहे ते सांगा. "घरीच असते" म्हणून मोकळं होऊ नका.

सिलिकॉनचं इम्प्लांट फुटलं तर बाहेरून कळतच नाही असंही होतं. एफडीएचा सल्ला आहे, की त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, मग दर दोन-तीन वर्षांनी. मिठाच्या पाण्याचं असेल तर ते पटकन बसतं, तपासायची गरज पडत नाही. फक्त फुटलं म्हणून बदलायचं असेल आणि आधीच्या आकारावर बाई खूश असेल, तर तेच माप पुन्हा घालणं सर्वात सोपं. पण त्यासाठी जुनं कार्ड हवं. कंपनी, प्रकार, सीसी, सिरीयल नंबर त्यावर असतो. कार्ड हरवलं असेल तर पहिल्या हॉस्पिटलमधून ऑपरेशनचे कागद मागा, तो पेशंटचा हक्क आहे.

कार्डाची गरज फक्त मापापुरती नाही. फ्रान्सची पीआयपी कंपनी कारखान्यात वापरतात तसलं सिलिकॉन भरून इम्प्लांट विकत होती. २०१० मध्ये ते उघड झालं, २०१३ मध्ये मालकाला शिक्षा झाली. पुढे जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला खरबरीत पृष्ठभागाची बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घ्यावी लागली, कारण त्याभोवती एक दुर्मिळ प्रकारचा लिम्फोमा होण्याचा धोका जास्त दिसला. त्रास नसेल तर ती काढायलाच पाहिजेत असं नाही. पण कित्येक वर्षांनी एक बाजू अचानक सुजली, पाणी झालं, गाठ लागली, तर साइजची चर्चा बाजूला ठेवून आधी तपासणी.

ज्यांना लहान करायचंय त्यांच्यासाठी वेगळं गणित. मोठं काढून लहान घातलं की ताणलेली कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबते. तेव्हा कातडी कमी करून स्तन वर उचलायचं ऑपरेशन जोडीला लागतं, त्याचे व्रण राहतात. काही बायका इम्प्लांट काढून टाकून पोटाची चरबी भरून घेतात. हाही पर्याय आहे, तो विचारला पाहिजे.

घरी अंदाज घ्यायला तांदळाची युक्ती सांगतात. मापाच्या भांड्याने तांदूळ मोजून पातळ मोज्यात भरायचे, घट्ट ब्रामध्ये ठेवून आरशात बघायचं. पण दुसऱ्या वेळी आत आधीच इम्प्लांट आहे, त्यामुळे फक्त वाढवायचा फरक मोजता येतो. तांदूळ तेवढ्याच मापाच्या सिलिकॉनपेक्षा हलकाही असतो. वीस-तीस सीसीचा फरक सहसा डोळ्याला दिसत नाही, त्यासाठी डॉक्टरशी भांडण्यात अर्थ नाही. शेवटचं माप बऱ्याचदा टेबलावरच ठरतं. तात्पुरतं इम्प्लांट आत ठेवून पेशंटला भुलीतच बसतं करून बघतात. म्हणून "३२० ते ३६० च्या दरम्यान" असं आधी लिहून घ्यावं, आणि यापुढे जायचं नाही हेही.

कॅन्सरनंतर एकाच बाजूला इम्प्लांट असेल तर वय आणि वजन वाढल्यावर दुसरी बाजू खाली येते, इम्प्लांट मात्र जागेवरच. तिथे कधीकधी नैसर्गिक बाजूच उचलून जुळवतात. छातीला रेडिएशन झालं असेल तर कडकपणाचा धोका जास्त, आणि पोटाचं किंवा पाठीचं मांस वापरणं बरं पडतं. पुण्यात ससूनमध्ये प्लास्टिक सर्जरी विभाग आहे. कॅन्सर आणि स्तनाची पुनर्रचना एकत्र बघणारी प्रशांती कॅन्सर केअर मिशनसारखी संस्थाही पुण्यातच आहे. आरोग्य विम्यात हौसेचं ऑपरेशन बसत नाही, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या अटीतून वगळलेली असते. महात्मा फुले योजनेत आपलं बसतं का, ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी आहे का, हे पाहणं अवघड नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नोंदणी तपासता येते. पार्लरच्या वर चालणाऱ्या क्लिनिकात हे ऑपरेशन करू नये.

मिश्री, तंबाखू निदान चार आठवडे आधी आणि तेवढेच दिवस नंतर बंद. नाहीतर जखम भरत नाही, पातळ झालेली कातडी काळी पडू शकते. मिश्रीचं बायका डॉक्टरला सांगत नाहीत, ते सांगाच. अंगावर पाजणं बंद होऊन काही महिने गेल्याशिवाय आणि वजन स्थिर झाल्याशिवाय माप घेऊ नये. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे जड उचलणं बंद, म्हणून पेरणी आणि सुगी सोडून तारीख घ्यावी. घरी येताना नवं कार्ड मागून घ्या, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि पुढे कधीही मॅमोग्राफी करताना आत इम्प्लांट आहे हे मशीनवरच्या माणसाला आधी सांगा.