निळ्या रंगाचा हिशेब

आमच्या नागपुरात तर्री-पोह्यांच्या बशीमागोमाग चहा येतोच. हाच चहा माझ्या आईच्या औषधाच्या आड येत होता, हे मला फार उशिरा कळले.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. रसायनशास्त्र शिकलो ते सीताबर्डीवर घेतलेल्या जुन्या पुस्तकांतून. चहातील गुणकारी द्रव्ये मोजतात कशी, हे कुतूहल तेव्हापासूनचे.

चहाच्या ताज्या पानात कॅटेचिन नावाची पॉलिफिनॉल वर्गातील द्रव्ये असतात. ग्रीन टीमध्ये ती बरीचशी टिकतात. आपल्या दाणेदार चहासाठी पान चुरडले, की पानातलेच विकर आणि हवेतला प्राणवायू मिळून त्यांची थिॲफ्लेविन व थिॲरुबिजिन करतात. चहाचा तांबूस रंग यांचाच.

प्रयोगशाळेत चहापूड बारीक दळून ७० टक्के मिथेनॉलमध्ये, ७० अंश सेल्सिअसला तिचा अर्क काढतात. त्यात फोलिन-सिओकाल्टू हे पिवळे अभिकर्मक आणि सोडियम कार्बोनेट घातले, की द्रावण निळे होते. जितकी द्रव्ये जास्त, तितका निळा रंग गडद. तो ७६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजून गॅलिक आम्लाच्या द्रावणांशी ताडतात. पण हे अभिकर्मक भोळे आहे. क जीवनसत्त्व भेटले तरी निळे होते. नेमके कोणते द्रव्य किती, हे हवे असेल तर एचपीएलसी यंत्रातून एकेक वेगळे करावे लागते.

दोन्ही रीतींनी प्रमाण कळते, पोटात पुढे काय घडते ते कळत नाही. हीच द्रव्ये अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाण्यासोबत खाल्लेल्या पावातले जेवढे लोह अंगी लागले, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी चहासोबत लागले. चहात दूध घातल्याने यात फारसा फरक पडत नाही.

आईला रक्तक्षय होता. लोहाची गोळी ती रोज सकाळी चहासोबत घ्यायची. ‘नुसत्या पाण्यासोबत मळमळते रे,’ म्हणायची. मी तेव्हा शेजारी बसून चहाचे गुण वाचून दाखवत असे!

चहा सोडा, असे मी म्हणणार नाही. जेवणानंतर तासभर थांबावे, गोळी चहासोबत घेऊ नये, पोह्यांवर लिंबू पिळावे. त्यातले क जीवनसत्त्व लोहाला मदत करते. पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंट’ दिसले, की आता मी आकड्याआधी विचारतो : कोणासाठी, आणि केव्हा?