उसाच्या रसातला जड हायड्रोजन

पुण्यातल्या कुठल्याही रसवंतीगृहात आलं-लिंबू घातलेला रस मागवा. त्यातल्या पाण्यात सुमारे ६४०० हायड्रोजन अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो, तो ड्युटेरियम. असे सगळे अणू वेचून निव्वळ जड पाणी केलं, तर ग्लासभर रसातून पुरता एक थेंबही निघायचा नाही.

तो थेंब वेचायला माणसाला केवढा खटाटोप! अलिबागजवळ थळला १९८७ पासून जड पाण्याचा कारखाना आहे. खतकारखान्यातला हायड्रोजनयुक्त वायू तिथे द्रवरूप अमोनियाशी पुन्हापुन्हा भिडवतात आणि ड्युटेरियम हळूहळू अमोनियात सरकत जातं.

ऊस ही निवड शेतात उभ्याउभ्या करतो. पानातून वाफ उडताना हलके रेणू आधी निसटतात, म्हणून पानातलं पाणी जरा जड होतं. त्याच पाण्यापासून साखर घडते तेव्हा मात्र गंमत उलटते! ड्युटेरियमचे बंध चिवट असल्यामुळे विकरांच्या हाती हलका हायड्रोजन आधी लागतो. पुढे यीस्टही तेच करतं. समुद्राच्या पाण्यात दर दहा लाख हायड्रोजनमागे १५६ ड्युटेरियम असतात. उसापासून केलेल्या अल्कोहोलच्या टोकाच्या कार्बनवर ते सुमारे ११० उरतात, द्राक्षापासून केलेल्यात १०० च्या आसपास आणि बीटपासून केलेल्यात ९२. वाइनमध्ये चोरून घातलेली साखर युरोपात याच आकड्यांवरून पकडतात. झाडाने केलेली निवड बाटलीतही पुसली जात नाही, हे मला विलक्षण वाटतं.

जिवाणू तर थळच्या कारखान्याचंच काम करतात. हायड्रोजिनेज हे लोह-निकेलचं विकर वायू आणि पाणी यांच्यात हायड्रोजनची अदलाबदल घडवतं. खोलीच्या तापमानाला ही देवघेव पुरी झाली, की वायूत ड्युटेरियमचं प्रमाण पाण्यातल्याच्या जेमतेम पाव उरतं. थळला वायू आणि अमोनिया यांच्यातली अशीच देवघेव पोटॅशियम अमाइड घडवून आणतं.

मग जिवाणूंच्या भरवशावर कारखाना का नाही? जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीला ते जवळपास निव्वळ लागतं. तिथवर पोचायला एवढ्या पाण्यातून इतक्या फेऱ्या कराव्या लागतात, की विकराचा नाजूकपणा आणि पेशींची संथ चाल परवडायची नाही. शिवाय जड पाण्यात बहुतेक जीव मंदावतात, सस्तन प्राणी तर ते फार झालं की दगावतात. शैवाल मात्र चिवट निघालं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत हळूहळू सवय लावल्यावर ते जवळपास निव्वळ जड पाण्यात वाढलं, आणि त्याच्या साखरेत, प्रथिनांत हलक्या हायड्रोजनची जागा ड्युटेरियमने घेतली.